आधी पाणी, मग प्लॉट

अक्कलकोटच्या वेशीबाहेर राहायला गेलेल्या, जाऊ घातलेल्या आणि शहरातून बाहेर ढकलल्या जाणाऱ्या रहिवाशांचा जाहीरनामा

अक्कलकोट आणि आसपासच्या गावांत यापुढे जो कोणी शेताचे तुकडे पाडून प्लॉट विकेल, त्याने पहिला प्लॉट विकण्याआधी तिथे पाणी, गटार आणि रस्ता करून दाखवावा. आमची मुख्य मागणी एवढीच आहे. ऐकायला ती साधी वाटते. पण या पट्ट्यात साध्या माणसाचं घर पिढ्यान्‌पिढ्या उलट्या क्रमाने होत आलं आहे. आधी माणसं राहायला जातात, मग विजेचा खांब येतो, मग वर्गणी काढून मुरूम टाकतात, मग टँकर सुरू होतो. नळाला पाणी आलंच तर ते नातवंडांच्या नशिबी.

प्लॉट कसा विकला जातो हे इथल्या माणसाला सांगायला नको, तरी एकदा कागदावर येऊ द्या. रानात चुन्याची फक्की मारून तीस बाय चाळीसचे चौकोन आखतात, कोपऱ्यांना दगड रोवतात, रस्त्याला तोंड करून कमान उभी करतात. कमानीवर स्वामी समर्थांचा फोटो असतोच. रंगीत नकाशात हिरवी बाग असते, निळी पाण्याची टाकी असते आणि ‘मंदिरापासून अवघ्या इतक्या मिनिटांवर’ असं ठळक छापलेलं असतं. ती मिनिटं कुठल्या गाडीने आणि किती वाजता मोजली, हे मात्र छापलेलं नसतं. पुण्या-मुंबईचा भक्त गुरुवारी दर्शनाला येतो आणि जाताना टोकन देऊन जातो. त्याचं फारसं बिघडत नाही, कारण त्याला तिथे राहायचं नसतं. अडकतो तो इथला माणूस: रिक्षावाला, हारफुलं विकणारा, लॉजवर चादरी बदलणारी मावशी, सोनं मोडून पैसे भरणारा शेतमजूर. त्याच्या हाती साठेखत पडतं किंवा नोटरी केलेला कागद. खरेदीखत झालंच, तर सातबारावर एका गटात वीस नावं एकाखाली एक. प्रत्येकापुढे गुंठाभर क्षेत्र, आणि कुणाचा गुंठा कुठल्या अंगाला हे कुठेच नाही. नकाशातली बाग वर्षा-दोन वर्षांत विकून होते. मग ओढ्यात भराव टाकून आणखी दोन प्लॉट निघतात, आणि जोराचा पाऊस झाला की त्या दोन घरांत कोण राहतं ते साऱ्या गावाला कळतं.

याची मुळं सोलापुरात आहेत. 1860च्या सुमारास तिथे रेल्वे पोहोचली, 1877 मध्ये जुनी मिल उभी राहिली आणि मागोमाग तेलंगणातून विणकर, खेड्यापाड्यांतून मजूर आले. गिरण्यांनी थोड्याफार चाळी बांधल्या. बाकीच्यांनी पूर्व भागात दाटीवाटीने आपली सोय आपण केली. इंग्रज सरकारने त्या काळी सोलापुरात जी वसाहत खरोखर मन लावून आखली, तिला काटेरी तारेचं कुंपण होतं. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींसाठी ती सेटलमेंट होती. तिथली माणसं गिरण्यांत राबायची आणि परत आली की हजेरी द्यायची. ‘गुन्हेगार जमातीं’चा तो कायदा देशभरातून 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. गरिबाला गावाच्या कडेला ठेवायची सवय मात्र कायद्याबरोबर गेली नाही.

पुढे 1992 मध्ये सोलापूरची हद्दवाढ झाली. सुमारे 33 चौरस किलोमीटरचं शहर एका फटक्यात 178 चौरस किलोमीटरचं झालं. बाळे, शेळगी, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, देगाव ही गावं महापालिकेत आली. घरपट्टी लगेच शहराची झाली. पाणी, गटार, दिवाबत्ती यांना मात्र कसली घाई नव्हती. तीस वर्षं उलटून गेली तरी त्या भागाला लोक ‘हद्दवाढ भाग’च म्हणतात आणि तिथला माणूस अजून पाण्याचा वार मोजतो. अक्कलकोटच्या हद्दवाढीची चर्चा निघाली की आम्हाला म्हणूनच धडकी भरते. हद्द वाढायला आमची ना नाही. फक्त आधी जलवाहिनी पोहोचावी, मग घरपट्टीची नोटीस.

आता आमच्याच सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरचं कुंभारी घ्या. सोलापूरच्या विडी कामगार बायांनी, कॉम्रेड नरसय्या आडम मास्तर यांच्या नेतृत्वाखाली, मोर्चे काढून, सहकारी संस्था करून, हप्ते भरून तिथे गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली. दहा हजार घरं. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. त्यापाठोपाठ रे नगर आलं: असंघटित कामगारांची तीस हजार घरं, 9 जानेवारी 2019 रोजी भूमिपूजन, आणि 19 जानेवारी 2024 रोजी पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, उरलेलं कामगाराने कर्ज काढून भरायचं. मास्तरांचं राजकारण कुणाला पटो न पटो, ज्या बाईला हजार विड्यांमागे मजुरी मिळते तिच्या नावावर पक्कं घर होणं ही या जिल्ह्यातली थोर गोष्ट आहे. तिला नावं ठेवणाऱ्यांनी आमच्या चळवळीत येऊ नये.

तरीही एक गोष्ट बोलावीच लागेल. एवढी मोठी वसाहत शहरापासून दूर रानात का गेली? कारण जमीन तिथे स्वस्त होती. गिरण्या बंद पडल्या, शहराच्या मध्यावरच्या त्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या. त्यांवर कामगारांची घरं व्हावीत असं धोरणाने कधी निक्षून सांगितलं नाही. जमीन स्वस्त मिळाली, पण रोजचा रिक्षाचा खर्च कामगाराच्या माथी आला. पान-तंबाखू आणायला, तयार विड्या द्यायला, मुलीला कॉलेजात पाठवायला, दवाखान्यात न्यायला किती लागतं याचा हिशेब घराच्या किमतीत कुणी धरत नाही. चाव्या मोजल्या जातात, फोटो निघतो आणि योजना यशस्वी होते. आम्हाला चाव्यांबरोबर बसच्या फेऱ्याही मोजायच्या आहेत.

उलट दाखलाही याच रस्त्यावर आहे. वळसंगच्या दलित वस्तीने आधी विहीर खणली, आणि तिचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते खुलं झालं. वस्ती माणसांची व्हायची तर सुरुवात पाण्यापासून, हे त्या लोकांना कुठल्या आराखड्याने शिकवलं नव्हतं.

कायद्याचं म्हणाल तर कायदे पुष्कळ आहेत. 1947चा तुकडेबंदीचा कायदा शेतीसाठी होता, पण गुंठेवारीवर तोच लावला गेला. तरी गुंठे विकले गेलेच, मग 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला. त्याची 1 जानेवारी 2001 ही मुदत 2021 मध्ये सरकवून 31 डिसेंबर 2020 करण्यात आली. 2025 मध्ये तुकडेबंदीही शिथिल करायचं ठरलं. ज्याने पोटाला चिमटा काढून गुंठा घेतला, त्याचं घर नियमित झालंच पाहिजे, त्यावर बुलडोझर येऊ लागला तर आम्ही आडवे पडू. पण दर वेळी दंड कोण भरतं ते बघा. प्रशमन शुल्क आणि विकास शुल्क भरायचं घेणाऱ्याने. विकणारा तोवर पुढच्या गटात कमान उभारतो. मोठ्या प्रकल्पांना महारेराची नोंदणी सक्तीची आहे, ती पाचशे चौरस मीटरच्या वरच्या जमिनीला लागू होते, म्हणजे बहुतेक प्लॉटिंगना. आमच्याकडच्या किती कमानींवर नोंदणी क्रमांक आहे, हे ज्याने त्याने येता-जाता वाचून घ्यावं.

दुसरा मार्ग आहे आणि तो याच मुलखात वापरला गेला होता. 1896च्या प्लेगनंतर मुंबईत 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला. त्या ट्रस्टने गरिबांच्या वस्त्या पाडल्या त्या निर्दयपणेच. पण दादर-माटुंग्याला आधी रस्ते, गटारं आणि मैदानं आखली, मग भूखंड दिले. ती वस्ती आजही टिकून आहे. 1915च्या मुंबई नगररचना कायद्याने त्यापुढची युक्ती दिली: शेजारशेजारच्या मालकांच्या जमिनी एकत्र आखायच्या, रस्ते, शाळा, मैदान यांसाठी प्रत्येकाकडून काही हिस्सा घ्यायचा आणि उरलेली जमीन ज्याची त्याला नीट आकाराचा अंतिम भूखंड म्हणून परत द्यायची. शेतकरी बेदखल होत नाही, वाढलेल्या किमतीत त्याचा वाटा राहतो. गुजरातने ही रीत सोडली नाही, अहमदाबादचा 76 किलोमीटरचा रिंग रोड तिच्याच जोरावर झाला. महाराष्ट्राच्या 1966च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही ती तशीच आहे, फक्त तिला फारसं कुणी हात लावत नाही. पुण्याच्या मगरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी तर आपापल्या जमिनी एकत्र करून स्वतःच नगर वसवलं. अक्कलकोटच्या कडेच्या जमिनींसाठी नगररचना योजना जाहीर करा, ही आमची दुसरी मागणी. सुरत–चेन्नई महामार्गाची आखणी तालुक्यातून गेल्यापासून शेतकरी मोबदल्यासाठी भांडतो आहे. त्याला एकरकमी पैशापेक्षा रस्त्याला लागलेला भूखंड परवडेल.

आणि पाणी? शहर कुरनूर धरणाकडे आणि भीमेवरच्या हिळ्ळी बंधाऱ्याकडे डोळे लावून बसतं. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येणार यावर इथे पाहुण्यांना कधी बोलवायचं ते ठरतं. या परिस्थितीत नव्या ले-आउटला मंजुरी देताना ‘पाण्याची सोय: बोअर’ असं लिहून भागवू नये. बोअर किती दिवस चालतो हे एप्रिलमध्ये तपासा, ऑगस्टमध्ये नको. ले-आउट ग्रामपंचायतीच्या हद्दीत, पाणी नगरपरिषदेचं आणि मंजुरी जिल्ह्याहून, अशा तीन दारांत रहिवाशाने फिरायचं हे बंद करा. मंजुरीच्या कागदावरच पाणी कोण देणार त्याचं नाव असावं.

शहराच्या आतल्या भाडेकरूंविषयी. स्वामी 1857च्या सुमारास इथे आले आणि 1878 मध्ये समाधिस्थ होईपर्यंत इथेच राहिले. दोन दशकं चोळप्पांच्या आणि इतर भक्तांच्या घरी, नावावर एक गुंठा नाही. आज त्याच परिसरात, बुधवार पेठेच्या आसपास, भाडेकरूला खोली मिळेना, कारण महिन्याच्या भाड्यापेक्षा एका रात्रीचा दर मालकाला गोड लागतो. वाडा पडतो, लॉज उठतो. भक्त यावेत, त्यांच्यावरच गावाचा संसार चालतो. पण त्यांच्या खोल्या झाडणारी माणसं पहाटे पाचला कुठून यायची? तीर्थक्षेत्र विकासाच्या निधीतून वाहनतळ आणि भक्तनिवास होतात, तशी कामगारांसाठी भाड्याची घरंही व्हावीत, नगरपरिषदेच्या मालकीची, मंदिरापासून चालत जाता येईल अशी. विकायची नाहीत, भाड्यानेच द्यायची. विकली की तिथे वर्षभरात लॉज होतो.

आमच्या चळवळीला अजून नाव नाही, वर दिलेली घोषणा पुरेशी आहे. अध्यक्षही नाही. हा मजकूर कन्नडमध्येही वाचला जाईल, कारण अर्धा तालुका घरात कन्नड बोलतो आणि प्लॉटवाले मात्र कागद मराठीतच देतात. प्लॉटिंग करणारे, जमिनीचे एजंट आणि निवडणुकीला उभं राहू इच्छिणारे यांना सभासद होता येणार नाही, सभेला मात्र जरूर यावं.

पहिलं काम नोंदीचं. अक्कलकोटभोवतीच्या प्रत्येक प्लॉटिंगचा गट नंबर, बिगरशेती आदेश आहे का, नकाशात किती मोकळी जागा दाखवली आणि आज तिथे काय उभं आहे, पाणी कुठून येतं, हे सगळं आम्ही एका वहीत उतरवणार आणि ती वही चौकात ठेवणार, म्हणजे पुढचा माणूस टोकन द्यायच्या आधी वाचेल. त्यासाठी तुमचे कागद लागतील. सातबारा, साठेखत, घरपट्टीची पावती आणि प्लॉट घेताना मिळालेला तो रंगीत नकाशा घेऊन या. झेरॉक्स आणा. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, आमच्यासुद्धा.