अंकाला गुण कशाचे?

सुपरहिरो आणि फँटसी कॉमिकच्या दर नव्या अंकाला दहापैकी गुण देण्याची पद्धत वाचकांमध्ये आता चांगलीच रुळली आहे. अमेरिकेत बहुतेक नवे अंक बुधवारी दुकानांत येतात आणि त्याच रात्री त्यांचे निकाल लागलेले असतात. गुण देण्याला माझी हरकत नाही. ज्या प्रकाराकडे समीक्षकांनी कित्येक दशकं ढुंकूनही पाहिलं नाही, त्याचा अंक न् अंक वाचून त्यावर मत द्यायला वाचक पुढे येतात, ही मोलाची गोष्ट आहे. हरकत आहे ती गुण कशाचे दिले जातात याबद्दल. बरीचशी परीक्षणं कथानकापाशीच अडकतात: कोण मेलं, कोण परत आलं, पुढच्या महिन्यातल्या लढाईची तयारी कितपत झाली. चित्रांची बोळवण शेवटच्या दोन वाक्यांत होते. रंग भरणाऱ्याचं आणि अक्षरं लिहिणाऱ्याचं तर नावही येत नाही. पण अंक ही वीस-बावीस पानांत बेतलेली एक घडण असते. पान कुठे उलटायचं, चौकट कुठे मोठी करायची, शब्द कुठे थांबवायचे, हे सगळं त्या पानांच्या हिशेबानेच ठरतं. गुण द्यायचे तर ते या घडणीला द्यायला हवेत.

मार्व्हलच्या ‘हॉकाय’ मालिकेचा २०१३ मधला अकरावा अंक घ्या. लेखक मॅट फ्रॅक्शन, चित्रकार डेव्हिड आहा. एका इमारतीत खून झाला आहे आणि तिथे राहणारा लकी नावाचा कुत्रा वास काढत मजल्यामजल्यांवरून फिरतो. कथानकाच्या मापाने पाहिलं तर मालिका जेमतेम पाऊलभर पुढे सरकते. पण सगळा अंक कुत्र्याच्या आकलनातून मांडलेला आहे. माणूस समोर आला की त्याच्याभोवती लहान लहान चिन्हांचा नकाशा उमटतो: त्याच्या अंगाला कशाचा वास येतो, तो कोणाबरोबर असतो, कुठून आला. माणसं बोलतात तेव्हा फुग्यात नुसत्या गिचमिड रेघा दिसतात आणि कुत्र्याला ओळखीचे असलेले तेवढेच शब्द मधूनमधून वाचता येतात. माणसांच्या आयुष्यातलं मोठं भांडण आपल्याला असं तुकड्यातुकड्यांनी कळतं, आणि ते पूर्ण न कळण्यातच त्याचं दुःख पोचतं. हे कादंबरीत जमणार नाही, सिनेमातही असं जमणार नाही. या अंकाला २०१४ साली सर्वोत्कृष्ट एकल अंकाचा आयस्नर पुरस्कार मिळाला. ‘या महिन्यात फारसं काही घडलं नाही’ म्हणून गुण कापणाऱ्या फूटपट्टीने तो मोजताच आला नसता.

घटना खरोखरच मोठी असते तेव्हाही हेच. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १९७३ मधल्या १२१व्या अंकात ग्वेन स्टेसी मरते. ती बातमी एका ओळीत सांगून होते. पण लेखक जेरी कॉनवे आणि चित्रकार गिल केन यांनी अंकाचं नाव पहिल्या पानावर दिलंच नाही. ते शेवटच्या पानावर येतं. पुलावरून पडणाऱ्या ग्वेनला स्पायडर-मॅनचं जाळं अधांतरी पकडतं आणि त्याच चौकटीत तिच्या मानेजवळ काहीतरी मोडल्याचा आवाज दाखवणारा एक लहानसा शब्द आहे. नायकाला तो ऐकू येत नाही, वाचकाला दिसतो. तिला वाचवायला टाकलेल्या जाळ्यानेच तिचा जीव घेतला का, हा वाद वाचक पुढे कितीतरी वर्षं घालत राहिले. तो सगळा वाद त्या एका शब्दाच्या जागेवरून उभा राहिला. अशा अंकाला गुण देताना अक्षरं आणि चौकटी यांच्याबद्दल बोलायचं नाही, तर बोलायचं कशाबद्दल?

यावर रास्त आक्षेप असा की अंक हा हप्ता आहे. पाच-सहा अंकांची कथा पूर्ण झाल्यावर, संकलित खंड हाती आल्यावरच निकाल द्यावा. आपल्याकडच्या वाचकाला हे पटकन पटेल. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत भेटलेला वेताळ मुळात वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्यांमधला होता. त्या पट्ट्या अंकाच्या मापात बसवताना चौकटी कापल्या जात, गाळल्या जात. तिथे पान ही चित्रकाराची रचना नव्हतीच, म्हणून गोष्टीसाठी वाचायची सवय लागणं स्वाभाविक होतं. अमेरिकन मासिक अंकाचं तसं नाही. तो पानापानाने बेतला जातो आणि सुटा विकला जातो. आज त्यासाठी चार-पाच डॉलर मोजावे लागतात. ‘द सँडमॅन’चा १९वा अंक मोठ्या मालिकेचा भाग असूनही १९९१ साली त्याला लघुकथेसाठीचा वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला, गद्य कथांच्या बरोबरीने. हप्ता असणं आणि स्वतःचा आकार असणं या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. जो अंक केवळ पुढच्या खंडासाठी ताणलेली वीस पानं आहे, त्याला कमी गुण मिळाले तर ते योग्यच आहे. गेल्या काही वर्षांत असे अंक फार झाले आहेत.

दुसरा आक्षेप असा: वाचकाने आनंदासाठी वाचावं आणि मनाला येतील ते गुण द्यावेत, निकष कशाला? आनंद तर हवाच. पण आकडा दुसऱ्यासाठी जाहीर केला की तो कशाचा हे सांगण्याची जबाबदारीही येते. जुन्या अंकांच्या कागदाची प्रत ठरवणारी सीजीसी ही संस्था २००० सालापासून दहाच्याच पट्टीवर गुण देते. तिथे कणा, कोपरे, पिना, पानांचा पांढरेपणा बघतात, म्हणून त्या आकड्याला अर्थ आहे. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या १९३८ मधल्या पहिल्या अंकाची साडेआठ गुणांची प्रत २०२४ मध्ये साठ लाख डॉलरला गेली. कागदासाठी एवढी कसोशी होते, तर त्यावर छापलेल्या कलेसाठी का होऊ नये?

मला खरी अडचण वाटते ती घाईची. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’चा (१९८६-८७) पाचवा अंक आरशासारखा रचलेला आहे. पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानाला जुळते, दुसऱ्याची उपान्त्य पानाला, असं करत मधल्या जोडपानावर दोन्ही बाजू समोरासमोर येतात. सरळ वाचत गेलेल्या वाचकाला हे पहिल्या खेपेला दिसणं कठीण आहे. शेवटाकडून उलटं चाळलं, दोन पानं शेजारी धरली, की दिसतं. त्याच रात्री दिलेल्या गुणांत हे यायचं कसं? म्हणून गुण जरूर द्यावेत, पण अंक दुसऱ्यांदा वाचून, आणि पुन्हा वाचताना काही नवं दिसलं तर पहिला आकडा खोडून, खोडण्याचं कारण लिहून.