निषिद्ध विद्येची किंमत कोण मोजतो?

रोल-प्लेइंग गेममधली निषिद्ध विद्या म्हणजे त्या गेमच्या जगात राजसत्तेने, धर्मपीठाने किंवा लोकरीतीने वापरायला मनाई केलेली शक्ती. मेलेल्याला उठवणे, दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेणे, रक्त सांडून सामर्थ्य मिळवणे, एका शब्दासरशी जीव घेणे हे तिचे नेहमीचे प्रकार. जारण, मारण, उच्चाटन, वशीकरण ही नावे मराठी माणसाच्या कानावरून लहानपणीच गेलेली असतात. ही विद्या खेळाडूच्या हाती द्यावी का, हा प्रश्न गेम बनवणाऱ्यापुढे आणि टेबलाभोवती कॅम्पेन चालवणाऱ्या गेममास्टरपुढे कधी ना कधी येतोच. त्याचे उत्तर ‘द्यावी’ असेच आहे; पण त्या जगातली मनाई खरी असली पाहिजे आणि विद्येची किंमत कोणाला तरी, शक्यतो वापरणाऱ्यालाच, मोजावी लागली पाहिजे. महाराष्ट्रात किंवा महाराष्ट्रावर गेम करणाऱ्यासाठी या उत्तराला आणखी एक अट जोडावी लागते. तिचा विचार पुढे येईल.

न देण्याचा प्रयोग करून झालेला आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये बाजारात आला आणि दहा वर्षांच्या आत अमेरिकेतल्या पालकांच्या एका वर्गाने त्याच्यावर सैतानपूजेचा आरोप ठेवला. १९८३ मध्ये त्याच्या विरोधात एक संघटनाही उभी राहिली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून प्रकाशकाने ‘डीमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्द काढून टाकले, मारेकऱ्याचा क्लासही वगळला. पुढे तेच राक्षस नवी, अनोळखी नावे घेऊन परत आले आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत जुनी नावेही परतली. या सगळ्या खटाटोपात खेळाडूंचे काही भले झाल्याचे दिसत नाही. उलट वाईटाशी झुंजण्याच्या गोष्टीतून वाईटाचे नावच गेल्याने ती झुंज पोकळ झाली.

दुसरी चूक आजच्या गेममध्ये जास्त दिसते आणि ती अधिक गंभीर आहे. विद्या दिली जाते, तिला निषिद्ध म्हटले जाते, पण कोणी तिची दखल घेत नाही. ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ (२००९) या गेमच्या जगात रक्तविद्या वापरणाऱ्या जादूगाराला मृत्युदंड आहे आणि त्याच्यावर नजर ठेवायला टेंप्लर नावाचे शिपाई नेमलेले आहेत. तरीही खेळाडू त्याच शिपायांच्या डोळ्यांदेखत रक्तविद्या वापरतो आणि कोणी हूं की चूं करत नाही. त्याच गेममधला रेडक्लिफचा प्रसंग लिहिला गेला आहे फार चांगला. पिशाचाने पछाडलेल्या मुलापासून गाव वाचवायचे, तर मुलाला मारायचे किंवा त्याच्या आईचा बळी देऊन रक्तविधी करायचा. आई स्वतः जीव द्यायला तयार होते. पण तिसरा रस्ता ठेवलेला आहे: दूरच्या जादूगारांकडे जाऊन मदत आणायची. खेळाडू जाऊन येईपर्यंत गावात काही बिघडत नाही, मुलालाही काही होत नाही. एक रस्ता फुकट सोडला की बाकीच्या दोन रस्त्यांवरचा पेच कागदावरच राहतो.

‘हॉगवर्ट्स लेगसी’ (२०२३) मध्ये ही फट आणखी उघडी पडते. तिथे तीन अक्षम्य शाप खेळाडूला शिकता येतात. ते शिकवणारा सेबॅस्टियन आजारी बहिणीला बरे करण्यासाठी काळ्या विद्येच्या मागे लागतो, आपल्याच काकांचा त्यातल्या मारणशापाने जीव घेतो आणि त्याचे घर मोडते. कथेतला हा भाग मनाला लागतो. पण तोच मारणशाप खेळाडू नंतर हव्या त्या शत्रूवर टाकतो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. कथेत एक मुलगा ज्यामुळे उद्ध्वस्त झाला, ते खेळाडूच्या हातात एक सोयीचे हत्यार होऊन बसते. लेखक आणि डिझायनर वेगवेगळ्या खोल्यांत बसून काम करतात तेव्हा असे होते.

योग्य वाटेची उदाहरणेही आहेत. ‘बॉल्डर्स गेट २’ (२०००) मधल्या अथकाट्ला शहरात परवान्याशिवाय उघड्यावर मंत्र टाकला की झगे घातलेले जादूगार रस्त्यात प्रकट होतात, आधी ताकीद देतात आणि पुन्हा तीच आगळीक झाली तर हल्ला करतात. परवाना पाच हजार सुवर्णमुद्रांना विकत मिळतो. इतक्या साध्या नियमातून त्या शहराचे राजकारण कळते: इथे जादू वाईट म्हणून निषिद्ध नाही, तिची मक्तेदारी कोणाकडे तरी आहे म्हणून निषिद्ध आहे. ‘कॉल ऑफ कथुलू’ (१९८१) या टेबलटॉप गेमने किंमत थेट खेळाडूच्या कागदावर लिहिली. निषिद्ध ग्रंथ वाचून त्या विद्येचे जितके गुण वाढतात, तितकी मानसिक स्वास्थ्याची कमाल मर्यादा खाली येते. गेलेले स्वास्थ्य उपचारांनी परत मिळवता येते, पण खाली आलेल्या मर्यादेच्या वर ते कधीच जात नाही. ज्ञान आणि त्याची किंमत एकाच समीकरणात बसवल्यामुळे इथे कोणाला उपदेश करण्याची गरज उरत नाही.

तरीही या विषयाचा सर्वांत चोख आराखडा परदेशात शोधायला जायला नको. तो छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच, गोदाकाठच्या पैठणचा आहे. सातवाहनांच्या या राजधानीशी परंपरा गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’चे नाते जोडते. मूळ पैशाची भाषेतला तो ग्रंथ हरवला, पण सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या ‘कथासरित्सागरा’तून त्या कथा टिकल्या. त्यातल्या वेताळकथांचा राजा म्हणजे प्रतिष्ठानचा, म्हणजेच पैठणचा, त्रिविक्रमसेन. त्याला उज्जैनचा विक्रम म्हणून सगळे ओळखतात, ते नंतरच्या रूपांतरांमुळे.

एक भिक्षू रोज राजाला एक फळ आणून देतो. एके दिवशी माकडाच्या हातून फळ फुटते आणि आतून रत्न पडते. भिक्षूला साधनेसाठी एका वीराची मदत हवी आहे. कृष्ण चतुर्दशीच्या रात्री राजाने स्मशानात यायचे, झाडावर लटकणारे प्रेत खांद्यावर घ्यायचे आणि एक शब्दही न बोलता आणून द्यायचे. प्रेतात वेताळ आहे. तो वाटेत गोष्ट सांगतो, शेवटी कोडे घालतो आणि बजावतो की उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोके फुटेल. बोलावे तर प्रेत पुन्हा झाडावर, न बोलावे तर मरण. भिक्षूचा नियम आणि वेताळाचा नियम एकमेकांवर आदळतात आणि रात्रभर राजा त्याच वाटेने येत-जात राहतो. नियमांची अशी कोंडी बांधणे हे गेम डिझाइनचे मूळ कसब आहे. राजा सुटतो तो ज्याचे उत्तर त्याला खरोखरच येत नाही अशा शेवटच्या कोड्याशी. त्याची हुशारी संपते तिथे त्याचे काम होते.

मग वेताळच त्याला सावध करतो: तो भिक्षू साष्टांग नमस्कार घालायला सांगेल आणि त्याच क्षणी तुझा बळी देईल. स्मशानात मंडल आखलेले आहे, रक्ताने भरलेले घट ठेवलेले आहेत, माणसाच्या चरबीवर दिवे जळत आहेत. राजा म्हणतो, नमस्कार कसा घालायचा ते आधी दाखवा. भिक्षू वाकतो आणि राजा त्याचे मुंडके उडवतो. क्वेस्ट देणाराच बळी घेणारा असतो, आणि ज्याला भूत समजून खांद्यावर वाहिले तोच खरे बोलणारा निघतो. निषिद्ध विधीचा मोठा भाग इथे खेळाडूच्या हातून पार पडतो. विधीचे प्रेत त्यानेच वाहून आणलेले असते. विधी आपल्या हातून होत आहे हे कळायलाही त्याला उशीर लागतो. हाच अनुभव गेम जितका चांगला देऊ शकतो तितका कादंबरी देऊ शकत नाही.

त्या कोड्यांमधली दोन या चर्चेत फार कामाची आहेत. मंदारवतीवर तिघे तरुण जीव टाकतात आणि ती तापाने मरते. एक तिच्या चितेच्या राखेवर झोपतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा फिरस्ता होतो. त्या तिसऱ्याला एका घरी मृताला जिवंत करणारी पोथी दिसते. रात्री ती घेऊन तो निघतो आणि मंदारवतीला उठवतो. आता ती कोणाची? राजाचे उत्तर असे की ज्याने जीव दिला तो बाप झाला, अस्थी नेणारा मुलगा झाला, राखेवर झोपणारा तो नवरा. संजीवनी वापरणाऱ्याने तिच्यावरचा हक्क संजीवनीनेच घालवला. इथे किंमत म्हणून आयुष्याचे गुण कमी होत नाहीत, तोंड विद्रूप होत नाही. ज्या नात्यासाठी विद्या मिळवली ते नातेच बदलून जाते. गेममध्ये अशी किंमत बसवायला एक संवादवृक्ष आणि धीट लेखक पुरेसा आहे.

दुसरे कोडे चार भावांचे. सापडलेल्या हाडापासून आपापल्या विद्येने ते प्राणी घडवतात: मांस, कातडे, अवयव आणि शेवटी प्राण. तो निघतो सिंह, आणि चौघांनाही खातो. दोष कोणाचा? प्राण घालणाऱ्याचा, असे राजा म्हणतो, कारण बाकीच्यांना प्राणी कोणता हे ठाऊक नव्हते. त्याला समोर दिसत होते. चार-पाच जणांची पार्टी मिळून खेळते तेव्हा निषिद्ध कृत्याची जबाबदारी कशी वाटायची, हा प्रश्न आजच्या बहुतेक गेमनी सोडवलेला नाही. जाणून केले की न जाणता, हा भेद नियमात आणला तर तो सुटू लागतो.

आता मराठी गेमकाराची अधिकची अट. गेममध्ये ही विद्या कल्पनेतली असते. पण महाराष्ट्रात तिच्या नावाने माणसे मारली जातात, म्हणून इथे तिच्याविषयी कायदा आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. अनुसूचीतल्या बारा प्रकारांत भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे आहे. गुप्तधनासाठी नरबळी आहे. एखादी व्यक्ती करणी करते असे सांगून तिचे जगणे मुश्कील करणेही आहे.

ही यादी गेम डिझायनरने डोळ्यांपुढे ठेवावी. पछाडलेल्या गावकऱ्याशी लढायचे, त्याचे आयुष्य शून्यापर्यंत आणायचे म्हणजे भूत पळून जाते आणि माणूस आभार मानतो, ही रचना जगभरच्या गेममध्ये सर्रास आढळते. इथे तीच कृती अनुसूचीतला पहिला गुन्हा आहे. तो गुन्हा करणारा मांत्रिकही ‘मार भुताला लागतो, माणसाला नाही’ असेच म्हणत असतो. मराठी गेममध्ये ही रचना नसावी. मारल्याने भूत उतरते हा नियम गेमने खरा करून दाखवला, तर मांत्रिकाचा दावाही त्यात खरा ठरतो.

मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत भानामती हा शब्द आजही दचकवतो. अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, दांडीवरचे कपडे पेटतात, घरावर दगड पडतात, बायका भुंकू लागतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा घरांत जाऊन काम केले आणि त्यामागे माणसाचाच हात असतो, पुष्कळदा घरातल्याच कोंडलेल्या, त्रासलेल्या जिवाचा, हे वारंवार दाखवले. पण तोवर शेजारची एखादी एकटी बाई आळ येऊन गावातून उठलेली असते. म्हणून ज्या गेमच्या जगात जादू खरी आहे, तिथेही गावाने जिच्यावर बोट ठेवले ती बाई खरोखरच चेटकीण निघावी, हा शेवट लेखकाने टाळावा. आळ आणि विद्या यांची सांगड तिथेच तोडायला हवी. यातून फार चांगला क्वेस्टही निघतो: खेळाडूकडे जादू ओळखण्याचा स्पेल आहे, तो फुल्या उमटलेल्या मुलीवर टाकतो आणि स्पेलला काहीच सापडत नाही. पुढचा सगळा शोध त्याला बोलून, विचारून, घरातल्या माणसांच्या मनात शिरून करावा लागतो.

देवतांच्या बाबतीतही सावधपणा हवा. वेताळ पैठणच्या कथेत प्रेतात शिरणारा असला, तरी गोव्यात तो बेताळ म्हणून गावाचा राखणदार आहे आणि आमोण्यासारख्या ठिकाणी त्याचे देऊळ आहे. शाबरी मंत्रांना नाथपंथी घरांत आदराचे स्थान आहे. कोणाच्या पूजेतला मंत्र जसाच्या तसा उचलून स्पेलच्या यादीत टाकू नये. गेमसाठी विद्या नव्याने रचावी, तिचे नियमही नव्याने रचावेत.

राहता राहिली अंमलबजावणी. संगणकावर किंमत चुकवण्याचा सोपा मार्ग म्हणजे जुना सेव्ह उघडणे. ताबडतोब दिसणारा परिणाम खेळाडू पुसून टाकतो. म्हणून परिणाम काही तासांच्या खेळानंतर यावा, आणि एका ठिकाणी न येता अनेक लहान जागी यावा: दुकानदार भाव वाढवतो, सोबती रात्रीच्या मुक्कामात बोलेनासा होतो, एक गाव दार लावून घेते. टेबलावर ही अडचण नसते, पण तिथे माणसे समोरासमोर असतात. कॅम्पेन सुरू होण्याआधी गेममास्टरने प्रत्येकाला विचारावे की बळी, पछाडणे, मनाचा ताबा यांपैकी काय गोष्टीत चालेल, काय फक्त सूचनेने यावे आणि काय मुळीच नको. एका खेळाडूच्या पात्राचे मन दुसऱ्याने ताब्यात घ्यायचे असेल, तर ज्याचे पात्र आहे त्याची संमती आधी हवी. मुले खेळायला बसली असतील तर विधीचे तपशील गाळून त्याचा परिणाम तेवढा ठेवावा; किंमत कोणी आणि का मोजली हे मुलांना रक्ताच्या वर्णनाशिवायही नीट समजते.