दमाचा खेळ आणि नियमाची तारीख

भातकापणी आटोपली की आमच्या वीरच्या शिवारात कबड्डीचं मैदान तयार होतं. ढेकळं फोडायची, पाणी मारून रोलर फिरवायचा, फक्कीच्या रेषा आखायच्या. १९९३ साली रोह्याहून कोकण रेल्वे वीरपर्यंत आली, तेव्हापासून मुंबईला गेलेली पोरंही सामन्यापुरती गावात उतरतात.

काही वर्षांपूर्वी मंडळाने मला गुणलेखकाच्या टेबलाशी बसवलं. ‘बँकेतले साहेब, आकडे चुकायचे नाहीत,’ हा त्यामागचा हिशेब. आकडे चुकले नाहीत. चुकलं ते वेगळंच.

सामना बरोबरीत सुटला, म्हणून पाच-पाच चढायांचा जादा डाव सुरू झाला. यात बाद झालेला बाहेर बसत नाही, फक्त गुण मोजतात. शेवटची चढाई पाहुण्यांची, आणि आम्ही एका गुणाने पुढे. त्यांच्या गड्याचा तोल गेला आणि कुणालाही स्पर्श न करता त्याचा पाय लॉबीत, म्हणजे कडेच्या मीटरभर राखीव पट्ट्यात पडला. झटापट झाल्याशिवाय तो पट्टा मैदानाबाहेरच धरतात. गडी बाद! पण त्याच्यावर धावलेले आमचे दोघेही त्याच भरात लॉबीत उतरले. पंचांनी जुन्या नियमाने निकाल दिला : आम्हाला एक, त्यांना दोन. पुन्हा बरोबरी. मग सुवर्ण चढाई. नाणेफेक त्यांनी जिंकली, चढाई त्यांना मिळाली आणि सामनाही त्यांनीच नेला.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर त्या दोघांतला धाकटा भेटला. दिव्याच्या गाडीची वाट पाहत होता. म्हणाला, “काका, त्याचा पाय पडला तेव्हाच चढाई संपली ना? मग मी कुठल्या चढाईत चुकलो?”

मला उत्तर देता आलं नाही. कारण सामन्याआधी दोन्ही कर्णधारांनी विचारलं होतं, “लॉबीचा नियम जुना की टीव्हीवरचा?” आणि मीच हसून म्हणालो होतो, “खेळा तर खरं, पुढचं पुढे!”

वाचकहो, हा घोळ आमच्या शिवारापुरता नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांचा अंतिम सामना २८-२८ असा अडला होता. पवन सेहरावत कुणालाही न शिवता लॉबीत गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. एकटा पवन बाद, की सगळेच? एक नियम हे सांगत होता, दुसरा ते. निकाल फिरत राहिले, खेळाडू मॅटवर बसून राहिले आणि तासभर खेळ थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. आपले अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे त्या संघात होते; आनंद मलाही झाला. पण डोळ्यांसमोर स्टेशनवरचं ते पोर आलं.

जुन्या नियमालाही अर्थ आहे. रेषा सर्वांना सारखी. समोरचा चुकला म्हणून आपल्याला चुकायची मुभा मिळत नाही. तरी माझं मत त्या पोराच्या बाजूने आहे. चढाई करणारा बाद झाला की चढाई संपते. संपलेल्या चढाईतल्या पावलाचा दंड धरला, तर फसलेली चढाईच नफ्यात जाते. मारामारी किंवा पंचांशी हुज्जत ही गोष्ट निराळी. तिला शिक्षा केव्हाही व्हावी. पण धावण्याच्या भरात पडलेलं पाऊल हा काही गुन्हा नव्हे.

याहून मोठी गोष्ट मी बँकेत शिकलो होतो आणि मैदानावर विसरलो. प्रत्येक परिपत्रकावर ते कधीपासून लागू हे लिहिलेलं असे. ती तारीख नसेल, तर त्यावर व्यवहार करायचा नाही. नियम कडक असला तरी माणूस सोसतो. तो आधी सांगितला नव्हता, हे मात्र सोसत नाही. घरातही तसंच. परीक्षेचा निकाल लागल्यावर ‘इतके टक्के हवे होते’ म्हणणारा बाप मुलाला शिस्त लावत नाही, त्याचा विश्वास घालवतो.

आता आमच्या मैदानाशेजारी एक फळा असतो. सामन्याआधी त्यावर लॉबीचा नियम खडूने लिहितात आणि दोन्ही कर्णधार खाली सही करतात. अक्षर माझं असतं. तो पोरगा मात्र त्यानंतर खेळायला आलेला नाही.