‘मानधन’ : बोर्डीचे अंगण आणि सरकारी तिजोरी

धागा. ‘अंगणवाडी’ हा शब्द आपण इतक्या सहज उच्चारतो की, त्यामागे एक प्रयोग होता हेच विसरून गेलो आहोत. या विस्मरणाची किंमत अंगणवाडी सेविका मोजत आहेत, असे माझे मत आहे.

१९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत केलेले काम आणि १९२६ साली स्थापन झालेला नूतन बालशिक्षण संघ, असा दोन दशकांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. बोर्डीत अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्त्यांवरची मुले गावातल्या बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात भरू लागली. आधी मुलांना गोळा करायचे, स्वच्छ करायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून शिंपले, बिया, पाने, खडे हाती घेतले गेले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली.

साधने साधी होती. काम साधे नव्हते. शिंपले निवडले गेले ते मुलाला ओळखीचे आणि गावाला परवडणारे म्हणून. त्यांच्या आधारे मोजणी, रंग, आकार शिकवायला मात्र कसलेली शिक्षिकाच लागे. राज्यसंस्थेने या प्रयोगातून नेमका स्वस्तपणा तेवढा उचलला, असे मला वाटते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी, आणीबाणीच्या काळात, एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पूर्वप्राथमिक शिक्षण असा भार एका केंद्रावर आला आणि त्या केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. सेविका स्थानिक असावी, हे तत्त्व योग्यच होते. पण ती कर्मचारी नव्हे तर ‘मानद’ कार्यकर्ती ठरली. तिला वेतन नव्हे, मानधन. (मराठीत ‘मान’ आणि ‘धन’ या दोन शब्दांचा इतका काटकसरी समास दुसरा नसावा.)

डिसेंबर २००६ हा महिना पाहा. अमीरबी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अंगणवाडी सेविका शासकीय पद धारण करत नाहीत. त्याच महिन्यात, अन्नाच्या हक्काच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने २००८ अखेरपर्यंत १४ लाख अंगणवाड्या उभारण्याचा आदेश दिला. सेवा मुलांचा हक्क ठरत होती, आणि ती देणारी बाई मात्र स्वयंसेविकाच राहत होती.

आकडेही तेच सांगतात. २०१७ च्या सुधारित दरांत सर्वसाधारण बालकाच्या आहारासाठी दिवसाला ८ रुपये ठरले. २०१८ साली केंद्राने सेविकेचे मानधन महिना ३,००० वरून ४,५०० रुपये केले, मदतनिसांचे १,५०० वरून २,२५०. वर राज्ये आपापली भर घालतात; त्यामुळे राज्याची सीमा ओलांडली की त्याच कामाचे मोल बदलते.

एप्रिल २०२२ मध्ये न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सेविका व मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, असा निर्णय दिला. हे अर्धवेळ काम आहे हा युक्तिवादही मान्य केला नाही. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना बेमुदत संपावर जावे लागले आणि ग्रॅच्युइटी त्यांच्या मागण्यांत होतीच.

वेतन दिले तर सेवाभाव आटेल, असे काही जण म्हणतात आणि दाखला कोसबाडचाच देतात. त्यांनी ताराबाईंचे काम पुन्हा नीट पाहावे. बालशिक्षण हे कोणत्याही प्रेमळ बाईला आपोआप जमणारे काम आहे, असे त्यांनी कधीच मानले नाही. म्हणूनच त्यांच्या संस्थेने बालवाड्यांच्या जोडीने शिक्षिका घडवणारी अध्यापन मंदिरे चालवली.