कॉलम हलला, डेटा नाही!

प्रोजेक्ट सबमिशनचे दिवस आले की कॉलेजच्या लॅबमध्ये एक सीन हमखास घडतो. 'स्टुडंट मॅनेजमेंट', 'लायब्ररी' नाहीतर 'मेडिकल स्टोअर' असं काहीतरी सॉफ्टवेअर तयार असतं. लॉगिनचा स्क्रीन झकास, बटणं रंगीबेरंगी. व्हायवाला आलेले एक्स्टर्नल खुर्चीत बसतात आणि यादीतल्या 'रोल नंबर'वर सहज एक क्लिक करतात. यादी लागते ती अशी : १, १०, ११, १२, २, २०, ३. मग आपण मान खाली घालून सांगतो, 'सर, तेवढा सॉर्टिंगचा थोडा प्रॉब्लेम आहे.'

माझं म्हणणं असं, की तो 'थोडा' प्रॉब्लेम नाहीच. तुमचं सॉफ्टवेअर खरंच कुणी वापरणार असेल, तर तो सगळ्यात मोठा प्रॉब्लेम ठरू शकतो.

ज्याला प्रोग्रामिंगच्या भाषेत लिस्ट व्ह्यू म्हणतात, तो तुम्ही रोज बघता. फोल्डर उघडून 'डिटेल्स' निवडलं की नाव, तारीख, साइज असे उभे कॉलम दिसतात, तोच हा प्रकार. कॉलमच्या हेडरवर क्लिक केलं की ओळी त्या क्रमाने लागतात. हेडर धरून ओढलं की कॉलम इकडचा तिकडे जातो. दोन साध्या सोयी. पण सगळा लोच्या यातूनच सुरू होतो, कारण आपण एक गोष्ट गृहीत धरतो : स्क्रीनवर जे पहिलं दिसतंय, तेच डेटामध्येही पहिलं आहे. तसं नसतं.

डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये लिस्टव्ह्यूला 'अलाउ कॉलम रिऑर्डर' नावाची प्रॉपर्टी आहे. ती ट्रू केली की वापरणाऱ्याला कॉलम हलवता येतात. पण प्रत्येक कॉलमला दोन नंबर असतात. एक 'इंडेक्स', म्हणजे कॉलमचा मूळ नंबर. दुसरा 'डिस्प्लेइंडेक्स', म्हणजे स्क्रीनवर तो सध्या कितव्या जागी दिसतोय ते. कॉलम ओढला की दुसरा नंबर बदलतो, पहिला तसाच राहतो. ही काही एकट्या मायक्रोसॉफ्टची खोड नाही. क्यूटीमध्ये याच दोन गोष्टींना 'लॉजिकल' आणि 'व्हिज्युअल' इंडेक्स म्हणतात. जावाच्या जेटेबलमध्ये 'मॉडेल' आणि 'व्ह्यू' असा भेद आहे. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी टूल्स बनवली आणि सगळे याच निष्कर्षाला आले. आपण मात्र हा भेद न शिकताच पास होतो.

आता एक उदाहरण घ्या. फीच्या यादीत नाव, मोबाइल, भरलेली फी असे कॉलम आहेत. डबल क्लिक केलं की तो आकडा बदलता यावा, असं तुम्हाला हवंय. मग कोड असा लिहिला जातो : माउस कुठे आहे ते बघायचं, पहिल्या कॉलमपासून एकेकाची रुंदी मिळवत जायचं आणि जिथे बेरीज माउसच्या पुढे जाईल तो कॉलम धरायचा. टेस्टिंगमध्ये हे मस्त चालतं. मग ऑफिसमधल्या मॅडम 'भरलेली फी' हा कॉलम सोयीसाठी ओढून मोबाइलच्या आधी आणतात. त्या फीवर डबल क्लिक करतात, पण तुमचा कोड जुन्याच क्रमाने रुंदी मोजत बसलाय. फीचा आकडा जाऊन बसतो मोबाइल नंबरच्या जागी. एरर येत नाही, लाल खूण दिसत नाही. फी भरलेल्या मुलाच्या नावावर फी बाकीच राहते आणि घरी फोन करायला नंबरही उरत नाही!

उपाय अवघड आहे का? अजिबात नाही. माउसखाली नेमका कोणता कॉलम आहे, हे सांगणारी 'हिटटेस्ट' नावाची सोय त्या कंट्रोलमध्येच आहे. रुंदी स्वतः मोजायची गरजच नाही. आणि कोडमध्ये कॉलम ओळखायचा तो नावाने. 'तिसरा कॉलम' ही ओळख नव्हे, तो फक्त आजचा पत्ता आहे.

दुसरी गंमत होते ती क्रम सेव्ह करताना. वापरणाऱ्याने लावलेला क्रम पुढच्या वेळी तसाच दिसावा म्हणून आपण डिस्प्लेइंडेक्स साठवतो आणि सुरुवातीला परत सेट करतो. तरी कॉलम भलतीकडेच. का? एसटीच्या रांगेची कल्पना करा. एकाला उचलून पुढे उभं केलं की मधले सगळे एकेक पाऊल मागे सरकतात. इथेही तेच. एका कॉलमचा नंबर बदलला की बाकीच्यांचेही बदलतात आणि आधी नीट बसवलेला पुन्हा हलतो. म्हणून सेट करताना साठवलेल्या जागेच्या चढत्या क्रमाने जायचं : आधी शून्य नंबरच्या जागेवरचा कॉलम, मग एक, मग दोन. डावीकडून बसवत गेलं की बसलेले हलत नाहीत. कोडमध्ये एका ओळीचा फरक. पण त्या एका ओळीसाठी 'आत काय घडतंय' हे कळावं लागतं.

आता पुन्हा त्या रोल नंबरकडे या. कॉम्प्युटरला ते आकडे वाटतच नाहीत, कारण यादीत आपण ते मजकूर म्हणून टाकलेले असतात. मजकुराची तुलना एकेका अक्षराने होते, म्हणून '१०' मधला '१' बघूनच तो '२'च्या आधी बसतो. तारखांचंही तसंच. ०१/०२ म्हणजे एक फेब्रुवारी, ती ०२/०१ म्हणजे दोन जानेवारीच्या आधी लागते. विंडोजलाही हे सुधारायला वेळ लागला. फाइलच्या नावातले आकडे आकड्यांसारखे लावायची पद्धत २००१ च्या विंडोज एक्सपीपासून आली.

यावरचा आपला लाडका जुगाड म्हणजे ००१, ००२ असं लिहिणं. दिसायला काम होतं. पण हजारावा विद्यार्थी आला की पुन्हा तेच. खरा उपाय म्हणजे प्रत्येक कॉलमला त्याचा प्रकार सांगायचा : हा आकडा, ही तारीख, हा मजकूर. दाखवायचं कसंही, तुलना करायची मूळ किमतीची. आणि मार्कांच्या कॉलममध्ये गैरहजर मुलासमोर 'एबी' असेल तर त्याचं काय, हेही आधीच ठरवायचं. नाहीतर त्याचा आकडा करायला जाऊन प्रोग्राम भर व्हायवात झोपतो.

सॉर्ट झाल्यावर आणखी एक धोका असतो. स्क्रीनवर चौथी ओळ निवडली म्हणून तुमच्या मूळ लिस्टमधला चौथा विद्यार्थी डिलीट करू नका. सॉर्टनंतर चौथी ओळ दुसऱ्याच कुणाची असते. प्रत्येक ओळीच्या 'टॅग'मध्ये त्या विद्यार्थ्याचा आयडी ठेवा आणि डिलीट करायचं ते त्या आयडीने. चुकीच्या मुलाचा प्रवेश रद्द झाला, तर 'सॉर्टिंगचा थोडा प्रॉब्लेम' हे उत्तर त्याच्या आईवडिलांना देता येणार नाही.

आणि नावं मराठीत असतील तर? युनिकोडमध्ये 'ळ'चा नंबर 'ल'च्या लगेच पुढे आहे. आपल्या वर्णमालेत मात्र 'ळ' येतो 'ह'नंतर, आणि त्याच्यापुढे क्ष, ज्ञ. त्यामुळे नुसत्या कोडच्या नंबरावर सॉर्ट केलं तर कदम, काळे, कासार असा क्रम लागतो. वर्णमालेप्रमाणे तो कदम, कासार, काळे असा हवा. क्षीरसागरही तिथे 'क'मध्येच अडकतात. यासाठीचे मराठीचे नियम युनिकोडच्याच सीएलडीआर या प्रकल्पात दिलेले आहेत. तुलना करताना भाषा 'मराठी' आहे, एवढं सांगायचं असतं आणि निकाल तपासायचा असतो. मराठी यादी मराठी क्रमाने लागावी, ही अपेक्षा काही फार नाही.

'डेस्कटॉप सॉफ्टवेअर आता कोण करतं? सगळं वेबवर गेलंय,' असं कुणीतरी म्हणेलच. ठीक आहे, वेबवर चला. जावास्क्रिप्टमध्ये १०, ९, १ हे आकडे काही न सांगता सॉर्ट करून बघा. उत्तर येतं १, १०, ९! तीही मजकूर समजूनच तुलना करते. तंत्र बदललं तरी दुखणं तुमच्या मागे येतंच.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. 'वेळ नसतो हो, म्हणून कॉलम हलवायची आणि सॉर्टची सोयच बंद करून टाकतो.' यात गैर काही नाही, पण ते विचार करून ठरवलेलं असेल तरच. छोट्या यादीला कॉलम हलवायची गरज नसेल तर जरूर बंद करा आणि रिपोर्टमध्ये कारण लिहा. पण जी व्यक्ती दिवसाचे आठ तास त्या यादीसमोर बसणार आहे, तिला विचारलंत का? तिच्यासाठी तो कॉलम डावीकडे असणं म्हणजे दिवसभरात शेकडो वेळा नजर कमी फिरणं.

आपल्याला बबल सॉर्ट पाठ असतो. पेपरात पायऱ्या लिहून मार्क मिळतात. पण नेमकं काय सॉर्ट करायचं, कुणासाठी आणि कोणत्या क्रमाने, हा प्रश्न पेपरात येत नाही. नोकरीत पहिल्याच आठवड्यात येतो.

म्हणून या वर्षीच्या सबमिशनआधी अर्धा तास काढा. यादीत २, १०, एक 'एबी', दोन महिन्यांच्या तारखा, एक काळे आणि एक कासार टाका. प्रत्येक हेडरवर क्लिक करा. कॉलम उलटेपालटे ओढा, मग एक आकडा बदला, एक ओळ डिलीट करा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. जे मोडेल ते तुमच्याच लॅबमध्ये मोडू दे. कुणाच्या तरी फीच्या पावतीवर नको.