इंग्रजी येते, पण बोलवत नाही

२००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी विषय पहिलीपासून आला. त्याआधी तो पाचवीत भेटायचा. म्हणजे आज दहावीला बसणारे मूल दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. तरीही दोन वाक्ये बोल म्हटले, की ते खाली मान घालते. असे का व्हावे?

बहुतेक वर्गांत डोकावले, की उत्तर मिळते. बाई धडा वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, उत्तरे फळ्यावर लिहून देतात. मुले ती उतरवतात आणि पाठ करतात. या व्यवस्थेत मुलाने तोंड उघडण्याची गरजच पडत नाही. कुणी उघडलेच, तर एका चुकलेल्या क्रियापदावर सारा वर्ग हसतो. त्या हसण्याची धास्ती पुढे नोकरीच्या मुलाखतीतही पाठ सोडत नाही.

याच मुलाला ‘बोल्ड’ आणि ‘रनआऊट’ कुणी शिकवावे लागले नाही. क्रिकेट समजून घ्यायचे होते, म्हणून ते शब्द आले. मराठीही ते चुकतमाकतच शिकले. ‘बाबा आली’ असे ते म्हणाले, तेव्हा आपण कौतुकाने हसलो. लाल रेघ मारली नाही.

तेव्हा पालकहो, पाहुण्यांसमोर मुलाला इंग्रजी कविता म्हणायला लावू नका. त्याऐवजी शाळेतली गंमत जेवताना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू द्या. चूक लगेच दुरुस्त करू नका. आपल्याला येत नसेल, तर त्यालाच आपली शिकवणी घ्यायला सांगा. भाषा बोलता बोलता सुधारते, गप्प बसून नव्हे.