रिकामं होतं म्हणून...

"रिकामं होतं म्हणून गेलो, त्यात काय एवढं बिघडलं?"

हे वाक्य मी गोव्यात ऐकलंय, पुण्या-मुंबईत ऐकलंय. हैदराबादेत बरकतपुऱ्याला माझं अधूनमधून जाणं असतं, तिथे ते दखनीतही ऐकलंय, "खाली था तो चले गए, क्या हो गया?" बोलणारा माणूस बहुतेक वेळा सज्जन असतो. बसमध्ये म्हाताऱ्याला जागा देणारा, देवळात रांग न मोडणारा. पण व्हीलचेअरचं चित्र लावलेल्या संडासाचा विषय निघाला की तो एकदम व्यवहारी होतो. सगळ्यांत मोठं, सगळ्यांत स्वच्छ, आणि बहुधा रिकामं. मग का जाऊ नये?

विषय संडासाचा आहे, तेव्हा ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी इथूनच परत फिरायला हरकत नाही. संस्कृतीच्या गप्पांत संडास कुठून आला, असं विचारणारे आपल्यात पुष्कळ आहेत. परसाकडे, एकी, दुकी, बाहेर जाऊन येणं... या एका कामाला आपण इतके आडपडदे लावले की त्याबद्दल सरळ बोलायची सवयच राहिली नाही. जेवणाच्या पंगतीचा शिष्टाचार आपल्याला पाठ आहे. डावं काय वाढायचं, उजवं काय वाढायचं, यावर वाद घालू. पण जिथे माणूस सगळ्यांत असहाय असतो त्या जागेचा शिष्टाचार आपण कधी शिकलो नाही आणि मुलांनाही शिकवला नाही.

आधी ते दार कशासाठी असतं ते पाहू. व्हीलचेअर गोल वळवायला साधारण १५०० मिलिमीटर, म्हणजे पाच फुटांचं वर्तुळ मोकळं लागतं. दार सुमारे ९०० मिलिमीटर रुंद लागतं, आणि ते बाहेर उघडावं किंवा सरकावं लागतं, कारण आत उघडलं तर खुर्ची आत शिरल्यावर ते मिटतच नाही. कमोडच्या बाजूला आधाराचे दांडे लागतात, त्यांवर भार देऊन माणूस खुर्चीवरून कमोडवर सरकतो. म्हणजे ती जागा मोठी आहे ती ऐसपैस वाटावी म्हणून नव्हे. तेवढ्या जागेशिवाय ते काम होतच नाही. तुम्हाला इतर चार दारं चालतात. त्याला हे एकच चालतं. सगळा हिशोब या एका वाक्यात आहे.

आता "रिकामं होतं" याकडे येऊ. लोक बसमधल्या राखीव आसनाचा दाखला देतात. कुणी आलं की उठतोच ना आम्ही! बरोबर आहे, उठता. पण कमोडवरून कसे उठणार? तुम्ही आत आहात आणि बाहेर खुर्ची घेऊन कुणी आलंय, हे तुम्हाला कळायलाही मार्ग नाही. राखीव आसन हाक मारून सोडता येतं, बंद दाराआडची जागा हाक मारून सोडता येत नाही.

"पाच मिनिटं थांबला तर काय होतं?" असंही विचारतात. ऐका. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाचा मूत्राशयावरचा ताबा बहुधा गेलेला असतो. त्यांतले बरेच जण ठरावीक वेळाने नळी घालून लघवी काढतात. आपल्यासारखं दात आवळून धरून ठेवणं त्यांच्या हातात नसतं. छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वरच्या पातळीवर इजा असेल, तर नुसतं मूत्राशय तुंबल्यानेही रक्तदाब एकदम धोकादायक पातळीला चढू शकतो. डोकं ठणकतं, घाम फुटतो, वेळेत मोकळं झालं नाही तर जिवावर बेततं. तुमची पाच मिनिटं ही अशी असतात. आणि हे माहीत असल्यामुळे ही माणसं काय करतात? बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाहीत. मग मूत्रमार्गाचे संसर्ग, मुतखडे, सगळं ओघानं आलंच. शेवटी घरीच बसतात. मग आपणच म्हणतो, अहो, अपंग लोक कुठे दिसतात हल्ली, एवढी सोय कुणासाठी?

बरकतपुऱ्याजवळच्या एका फंक्शन हॉलमध्ये आमच्या नात्यातलं लग्न होतं. तिथे मंगल कार्यालयाला फंक्शन हॉल म्हणतात. माझा मावसभाऊ स्कूटरच्या अपघातानंतर व्हीलचेअरवर असतो. हॉलमध्ये चित्र लावलेलं दार होतं, म्हणून मी निर्धास्त. दार आतून बंद. टकटक केलं तर आतून आवाज, "भाऊ, दोनच मिनिटं!" मोठी जागा, मोठा आरसा, तेव्हा आपल्याच मंडळींतल्या तिघीजणी आत साड्या बदलत होत्या. दोनाची पंचवीस मिनिटं झाली. बाहेर आल्यावर एकीने त्याच्याकडे पाहून इतक्या मायेनं "अरेरे, सांगायचं ना!" म्हटलं की मला बोलताच येईना. दादा मात्र हसला आणि म्हणाला, "वहिनी, दारावर चित्र काढून सांगितलंय की!" नंतर आत गेलो तर एका दांड्यावर ओला टॉवेल, दुसऱ्यावर परकर, आणि फरशीभर पाणी. ओल्या फरशीवर खुर्चीतून कमोडवर सरकणं म्हणजे काय, ते एकदा जवळून पाहा.

इथपर्यंत माना डोलावणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्यातलेच काही लगेच उपाय सांगतात. "म्हणून तर आम्ही कुलूप लावतो!" या दुसऱ्या टोळीशी माझं भांडण पहिलीपेक्षा मोठं आहे.

कुलूप. किल्ली वॉचमनकडे. वॉचमन जेवायला गेलेला. तो सापडला तर किल्ली ऑफिसात, आणि ऑफिसातला साहेब रजेवर. शेवटी दार उघडलं की आत झाडू, बादल्या, फिनेलचे कॅन, मोडक्या खुर्च्या आणि मागच्या निवडणुकीचे फलक. देशभर कुठेही जा, हा देखावा तुम्ही पाहिलेला असणार. कारण विचारलं तर म्हणतात, उघडं ठेवलं की सगळे वापरतात आणि घाण करतात. अहो, पुरुषांचं टॉयलेट घाण होतं म्हणून त्याला कधी कुणी कुलूप लावलंय? ते धुतात. मग हेच धुवायला काय अडचण आहे?

कुलपाचा शहाणा उपयोगही जगात झालेला आहे. ब्रिटनमध्ये १९८१ पासून अशा टॉयलेटना देशभर एकाच किल्लीने उघडणारी कुलपं बसवायला लागले. 'रडार की' म्हणतात तिला. पण ती किल्ली अपंग माणसाच्या स्वतःच्या खिशात असते. त्याला कुणाला विचारावं लागत नाही, लघवीला जायचंय असं चारचौघांत सांगावं लागत नाही. आपल्याकडे किल्ली ज्याला गरज नाही त्याच्या कमरेला. म्हणून आपल्याकडचं कुलूप रक्षण करत नाही, हाकलून देतं.

तिसरी टोळी स्वयंघोषित पहारेकऱ्यांची. हे लोक दाराबाहेर पडणाऱ्या धडधाकट दिसणाऱ्या माणसाला अडवतात. "तुम्हाला काय झालंय?" आता त्याला काय झालंय ते त्याने तुम्हाला का सांगावं? पोटावर मलमूत्राची पिशवी बांधलेला माणूस शर्टावरून कळत नाही. आतड्याच्या सुजेचा रोगी बाहेरून ठणठणीत दिसतो. पार्किन्सनच्या रुग्णाला दांड्याशिवाय उठता येत नाही, पण चालताना तो तुम्हाला नुसता सावकाश चालणारा वाटेल. म्हाताऱ्या वडिलांना आत नेणारी मुलगी पुरुषांच्या टॉयलेटमध्ये जाऊ शकत नाही, तिला हेच दार. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी सूर्यफुलांची हिरवी फीत गळ्यात घालायची पद्धत सुरू झाली, ती याच कारणानं. पण फीत नसली तरी दाखला मागायचा अधिकार तुम्हाआम्हाला कुणी दिलेला नाही. शिष्टाचार आपण स्वतः पाळायचा असतो, तो दुसऱ्याच्या मानगुटीवर बसवायचा नसतो.

आता कायदा. बरकतपुऱ्याचं नाव मी उगाच घेतलं नाही. शेजारीच नारायणगुड्यात केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये सुरू झालेली केशव मेमोरियल संस्था आहे, त्यामुळे मराठी माणसाला हा भाग परका नाही. पण याच बरकतपुऱ्यात नालसार विधी विद्यापीठाचं शहरातलं ठाणं वर्षानुवर्षं होतं. मोठा परिसर शामीरपेटला. त्या नालसारच्या अपंगत्व अभ्यास केंद्राने देशातल्या सुगम्यतेची पाहणी करून सर्वोच्च न्यायालयाला अहवाल दिला. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ मध्ये याचिका केली होती. तिच्यावर डिसेंबर २०१७ मध्ये निकाल आला, आदेश निघाले, आणि नेहमीप्रमाणे बरंचसं कागदावर राहिलं. मग ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने, या अहवालाचा आधार घेऊन, २०१७ च्या नियमांतला पंधरावा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. का? कायदा म्हणतो 'करायलाच हवं' आणि नियम म्हणत होता 'केलंत तर बरं'. तीन महिन्यांत बंधनकारक नियम आखा, असं केंद्राला सांगितलं. पुढे १५ जानेवारी २०२५ ला त्याच न्यायालयाने देशभरच्या न्यायालयांत पुरुष, स्त्रिया, अपंग आणि तृतीयपंथी अशा सर्वांसाठी टॉयलेटची सोय करायचा आदेश दिला. म्हणजे न्याय मागायला आलेल्या माणसाला लघवीला जागा मिळावी, यासाठीसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला २०२५ साल उजाडावं लागलं!

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले. मुदत २०२२ मध्ये संपली. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढे पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. किती जणांना झाला असा दंड, ते तुम्हीच आठवून पाहा.

आणि आमचा गोवा? २०११ च्या जनगणनेत गोव्यात सुमारे तेहतीस हजार अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला, देशभरातून माणसं आली, आपण छाती फुगवली. फुगवावी, चांगलंच काम होतं ते. पण उत्सव काही दिवसांचा, आणि लघवी रोज लागते. तुमच्या गावची पंचायत, देवळाची अग्रशाळा, लग्नाचा हॉल, जत्रेच्या वेळी उभारलेली तात्पुरती टॉयलेटं... यांतल्या किती ठिकाणी ते चित्र आहे, आणि चित्र असलं तर त्याखाली कुलूप आहे का, एकदा नजर टाका. 'अपंग' म्हणायचं की 'दिव्यांग' यावर आपण २०१५ पासून वाद घालतोय. मला विचाराल तर दार उघडं असेल तर काहीही म्हणा, आणि बंद असेल तर देवाचा अंश म्हणून काय उपयोग?

ते चित्रही मोठं गमतीचं आहे. १९६८ मध्ये सुझान कोफोएड या डॅनिश विद्यार्थिनीने ते काढलं, तेव्हा खुर्चीवरच्या आकृतीला डोकंच नव्हतं. डोकं नंतर कार्ल मोंटान यांनी जोडलं, खुर्चीवर माणूस बसलाय हे कळावं म्हणून. आपल्याकडे अजून पुष्कळांना ते कळायचं आहे.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. दुसरं दार रिकामं असेल तर त्यात जा. सगळी भरलेली असतील आणि तुम्हाला खरंच आवरत नसेल तर खुशाल आत जा, कारण आवरत नसणं हीसुद्धा गरजच आहे. पण फोनवर बोलायला, सिगरेट ओढायला, साडी बदलायला, आरशात केस विंचरायला ती जागा नाही. फरशी कोरडी ठेवा, दांड्यांवर कपडे वाळत घालू नका, कचऱ्याचा डबा खुर्चीच्या वाटेत सरकवू नका. आतून कोण बाहेर येतं याची चौकशी करू नका. आणि लग्नाचा हॉल ठरवायला जाल तेव्हा जेवणाचं ताट कितीला, हे विचारण्याआधी ते दार उघडून दाखवायला सांगा. कुलूप असेल तर त्याच्यासमोरच हॉल नाकारा, आणि का नाकारला तेही सांगा. दोन-चार मुहूर्त हातचे गेले की किल्ली आपोआप सापडेल.